डावी टाकी

"अहो, अजून डावी टाकी बसलीच नाही?" आजींनी पुन्हा विचारलं.

"बसेल गं. घाई काय आहे?" आजोबा कानस घासत म्हणाले.

"घाई नाही कशी? इंजिन पुरं झालं की सुट्टी काढून येतो, असं म्हणालाय ना आपला लेक!"

वरच्या मजल्यावर नुकताच राहायला आलेला घड्याळजी दारात उभा राहून ऐकत होता. टेबलावर हातभर लांबीचं वाफेचं इंजिन होतं, पाण्याच्या टाक्या स्वतःच्याच अंगावर वागवणारं, जुन्या पद्धतीचं. चाकं, दांडे, शिट्टी, सगळं हुबेहूब. आजोबांचा उभा जन्म इंजिनांच्या कारखान्यात फिटरकी करण्यात गेला होता. आणि एवढीशी टाकी त्यांना बसवता येईना!

"द्या इकडे. चुटकीसरशी लावतो," घड्याळजी म्हणाला.

"नको. स्क्रू धरत नाहीत नीट." आजोबांनी इंजिनावर फडकं टाकलं.

घड्याळजीला म्हाताऱ्याचा रागच आला. चेंगटपणालाही काही सुमार असतो. ती माऊली लेकाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली, आणि हे आपले तेच स्क्रू काढतायत, तेच घालतायत. खाचा पार झिजून गेल्या होत्या त्यांच्या.

दुसऱ्या दिवशी आजोबा औषधं आणायला बाहेर पडले, तसा तो हत्यारं घेऊन खाली आला. आजींनी दिलेला चहा निवायच्या आत टाकी बसलीसुद्धा. आजींचा आनंद पोटात मावेना. त्यांनी लेकाची खोली झाडली, पलंगावर धुतलेली चादर घातली, स्वतः ठेवणीतले कपडे घातले आणि दाराकडे तोंड करून बसल्या.

आजोबा परतले. इंजिन पाहून त्यांच्या हातातली पिशवी गळून पडली.

"आभार वगैरे नकोत हं," घड्याळजी खुशीत म्हणाला.

"बघा, झालं एकदाचं! आज संध्याकाळपर्यंत पोहोचेल ना हो तो?" आजींनी विचारलं.

आजोबा आजींसमोर जमिनीवरच बसले. त्यांनी आजींचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. म्हातारा मनातून खूश झालाय, असं घड्याळजीला वाटलं.

"तो नाही यायचा गं. आपला लेक गेला," आजोबा म्हणाले. "इंजिन पुरं झालं की दर वेळी तुला हे सांगावं लागतं मला."