मास्तरांचा प्रवेश

राष्ट्रीय नाट्यशाळेला पन्नास वर्षं झाली, म्हणून जुने विद्यार्थी झाडून सारे जमले होते. निवृत्त संचालक सरांचा सत्कार होता, आणि आग्रहाखातर ते आपल्या गाजलेल्या भूमिकेतलं स्वगतही म्हणणार होते. रंगपटात आरशासमोर त्यांची उजळणी चालली होती. कपडेपट सांभाळणारे टेलरमास्तर खाली बसून त्यांच्या कोटाची उसवलेली शिवण पुन्हा घालत होते.

पाचव्या ओळीला सर अडखळले. मास्तरांनी सुई न थांबवता पुढची ओळ सांगितली, मग तिच्या पुढची, आणि बघता बघता अख्खं स्वगत म्हणून टाकलं. सरांच्या अंगावर काटा आला. इतकं खरं त्यांना स्वतःलाही कधी जमलं नव्हतं.

"मास्तर, हे कुठं शिकलात?"

"इथंच. तीस वर्षं विंगेत उभा आहे ना!"

"अहो, मग वेळीच प्रवेशपरीक्षेला का नाही बसलात?"

मास्तरांनी दातांनी दोरा तोडला. "बसलो होतो की, सर. तीनदा. तिसऱ्या वेळी तुम्हीच म्हणालात, 'नट व्हायचं डोक्यातून काढ, हाताला काहीतरी काम शिक.' मग शिवण शिकलो."

सरांनी तो मुलगा आठवून पाहिला. काही केल्या आठवेना.

बाहेर निवेदिका सांगत होती, "सरांच्या पारखी नजरेतून एकही गुणी नट सुटला नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

"चला सर, तुम्हाला बोलावतायत," म्हणत मास्तरांनी पडदा बाजूला धरला. रंगमंचावर पाऊल टाकायची सरांना आयुष्यात पहिल्यांदाच लाज वाटली.