डांबराचा पातळ हात

दार लागू नये म्हणून उंबऱ्याशी ठेवलेला विजेच्या खांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर आज उभा तडकला होता. कुमुदिनीबाईंनी नवऱ्याला हाक मारली, "अहो, कुणी पाडला हा?"

"कोण पाडतंय त्याला!" इन्सुलेटरच्या कारखान्यात सारा जन्म काढलेले ते खाली वाकले. "आतल्या लोखंडी दांड्याभोवतीचं सिमेंट वर्षानुवर्षं ओल पीत फुगतं. म्हणून दांड्याला आधी डांबराचा पातळ हात द्यायचा, फुगायला तेवढीच जागा राहते. हा माझा पहिला नग. घट्ट बसावा म्हणून मी डांबर दिलंच नव्हतं."

कुमुदिनीबाई तड्यावरून बोट फिरवत राहिल्या. लांब नोकरीला गेलेल्या लेकीला त्या उठता-बसता फोन करायच्या. जेवलीस का, कुठे आहेस, कधी येतेस? दिवाळीपासून लेकीने फोन उचलणंच सोडलं होतं.

त्या दिवशी त्यांनी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हात नुसता शिवशिवायचा.

रविवारी लेकीचाच फोन आला. "आई, बरी आहेस ना?"

जिभेवर आलेलं 'कधी येतेस' त्यांनी गिळलं. "बरी आहे गं. इन्सुलेटर तडकला, म्हणून दाराला वीट लावलीय. दार उघडंच असतं."