उमरेडच्या एक बाई

तिसऱ्या टेकलाही वच्छलाबाई तशाच गायल्या. काचेपलीकडे, माइकसमोर, शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारख्या. प्रत्येक अक्षर निवडून, धुऊन, वाळवून.

"लेक माझा शहराला, दिवा लावते दाराला..."

गार्गीने हेडफोन काढला. जात्यावरच्या गाण्यांची मालिका करायला ती पुण्याहून आली होती आणि रामदासपेठेतला हा स्टुडिओ तिला संध्याकाळपर्यंतच मिळाला होता.

"अश्विन, अस्सल वैदर्भी आवाज आणतो म्हणालास. या तर बातम्या सांगतायत."

अश्विन मालिकेचा बोली-सल्लागार होता. बारा वर्षं पुण्यात राहून त्याने जिभेवरचं उमरेड घासून काढलं होतं. आता तेच उमरेड तो शहरी गायिकांच्या जिभेवर चढवून देई. धंदा नामी होता. पण गार्गीला शिकवलेला हेल नको होता, जन्माचा हवा होता. तेव्हा तो म्हणाला होता, "उमरेडच्या एक बाई आहेत." त्या बाई म्हणजे आपली आई, एवढा तपशील त्याने गाळला. आईनेही सकाळपासून त्याला 'सर' म्हणून सहकार्य केलं होतं.

गार्गीने बटण दाबलं. "आजी, असं गायला कुणी शिकवलं?"

"गाणं माझ्या आईचं आहे," वच्छलाबाई सावकाश म्हणाल्या. "बोलणं मेघा मॅडमनी शिकवलं. शेजारी राहतात, शाळेत मराठी शिकवतात. पंधरा दिवस रोज जात होते." आणि शाबासकीसाठी त्यांनी सरांकडे पाहिलं.

सर जमिनीकडे पाहत होते.

गार्गीने बटण सोडलं. "नाही जमायचं. चहा पाजून पाठव त्यांना. दुसरी बाई बघ."

अश्विनला स्वतःच्या लग्नाचं रिसेप्शन आठवलं. पुण्यातला हॉल. आई विहिणीचा हात धरून, आपल्या बोलीत खळखळून काहीतरी सांगत होती. आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. त्याने तिच्या कानाशी वाकून म्हटलं होतं, "हळू बोल. लोक ऐकताहेत." चारच शब्द. त्यानंतरची नऊ वर्षं त्याच्या माणसांसमोर ती फक्त 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलली. तिला प्रवासाचा शीण होतो, असं तो सगळ्यांना सांगत असे. हळूहळू त्यालाही ते खरं वाटू लागलं होतं.

तो उठला. जड दार ढकलून आत गेला. माइक चालूच होता.

"माय वं," तो म्हणाला, "घरी म्हनते तसं म्हन ना. काहून असं करून राहिली? मले तुहाच आवाज पाहिजे."

काचेपलीकडे गार्गीची मान झटकन वर झाली.

वच्छलाबाईंनी काचेकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. पदर सावरत त्या घाईने लेकाच्या कानाशी आल्या.

"हळू बोल गा. लोक आयकून राह्यले."