टॉवेल खांद्यावरच

"आजच्या विजेत्यासमोर दौलतराव दुसऱ्या फेरीतच आडवे," बॉक्सिंग क्लबच्या चिटणीसांनी चहा ढवळीत निकाल दिला. भिंतीवरील तसबिरींमधल्या जुन्या आणि नव्या हेवीवेट विजेत्यांची मनातल्या मनात झुंज लावणे, हा तेथील मंडळींचा रविवारचा छंद होता.

लाजरसच्या अंगाचा तिळपापड झाला. सारी हयात त्याने रिंगमध्ये दौलतरावांच्या कोपऱ्यात उभे राहून, त्यांना पाणी पाजण्यात आणि त्यांचा घाम टिपण्यात वेचली होती.

"निकाल देणारे तुम्ही कोण? आडवे झाले तर उठतील. हार मानायची, तर टॉवेल मी टाकायचा असतो. आणि तो अद्याप माझ्या खांद्यावर आहे."

शेजारच्या खुर्चीतील माजी विजेते, आता वृद्ध झालेले दौलतराव मिस्कीलपणे हसले. "अरे लाजरस, आताच्या पोराचा हात लांब आहे. हरलोच असतो मी."

मंडळी हसली. लाजरस आता दौलतरावांवरच उसळला. "तुम्ही गप बसा. दोन फेऱ्यांच्या मध्ये बॉक्सरनं फक्त श्वास घ्यायचा. बोलायचं ते मी."

टॉवेलाच्या टोकाने त्याने त्यांच्या मिशीवरचा चहा टिपला. दौलतरावांनी निमूटपणे तोंड मिटले आणि नाकाने दीर्घ श्वास घेतला.