कोरा चहा

सून चीनची, पहिल्यांदाच चिपळूणला आलेली. तिच्यासाठी चांगला चिनी चहा हवा म्हणून आम्ही नवरा-बायकोने बाजारपेठ पालथी घातली. एका वाण्याने गवती चहाची जुडी काढून दिली, दुसऱ्याने चायनीजची गाडी दाखवली. शेवटी एका बेकरीत नूडल्सच्या मागे एकच पुडा सापडला.

"दूध घालू नकोस हं, आई," मुलाने बजावलं. आता घ्या! आमच्याकडे कोरा चहा मयताच्या घरी देतात. पण सुनेला तो इतका आवडला, की हे मुलाला घेऊन दुसरा पुडा शोधायला पळाले.

आम्ही दोघी ओटीवर कप घेऊन बसलो. एकमेकींची भाषा येत नाही, म्हणून गप्प. तेवढ्यात शेजारच्या खातूवहिनी आल्या. त्यांनी कपांकडे बघितलं, मग ह्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"भाऊजी कधी गेले?"

"आत्ताच," मी म्हणाले, आणि वहिनींनी दारातच हंबरडा फोडला.