दांडगा झूम

तीन आठवडे कीस पाडून त्याने दोन कॅमेरे बाजूला काढले होते. आज निवड करायचीच म्हणून अर्ध्या दिवसाची रजाही टाकली होती. एकाचा झूम दांडगा होता, दुसऱ्याचे फोटो कमी उजेडातही छान यायचे.

"झूम बघून तर घ्या," म्हणत दुकानदाराने त्याला दारात आणलं. "रस्त्याच्या पार टोकाला डोळ्यांचा दवाखाना आहे, त्याची पाटी वाचा."

पाटी जवळ आली, तिच्याखालच्या पायऱ्या आल्या, आणि पायरीवर भिंत चाचपत उभे असलेले त्याचे वडील आले. सकाळीच तो त्यांना म्हणाला होता, "अण्णा, आज ऑफिसातून हलता येणार नाही. तुम्हीच जाऊन या."

कॅमेरा डोळ्यावरून न काढता त्याने फोन लावला. समोर अण्णांनी चाचपडत खिशातून फोन काढून कानाला लावला.

"पोचलात ना नीट?"

"अरे, कधीच. आत खुर्चीत आरामात बसलोय. नर्सबाईंनी हाताला धरून आणलं. तू माझ्यापायी काम खोळंबवू नकोस."

फोन खिशात ठेवून अण्णा पुढची पायरी पायाने शोधू लागले.

"काय साहेब, साफ दिसतंय ना?" दुकानदाराने विचारलं.

"जरा जास्तच," तो म्हणाला. "तो दुसराच द्या."