उलटं चित्र

"हे नाक आहे का वांगं?" म्हणत कृष्णराज सरांनी राजेश्वरीचा कॅनव्हास उलटा केला. शेजारी टाचलेली जुन्या तैलचित्राची छापील प्रतही उलटी लावली. कुणा जुन्या चित्रकारानं आपल्या आईला समोर बसवून रंगवलेली, शाल पांघरलेली म्हातारी. आता तिची हनुवटी वर आणि कपाळ खाली.

"असं कसं काढू, सर?"

"चेहरा म्हणून बघतीस, म्हणून हात थरथरतो तुझा. उलटं केलं की चेहरा राहत न्हाय. नुसता उजेड आन् सावली. बघायला सोपं जातं."

कोपऱ्यात राजेश्वरीची सात वर्षांची लेक आरोही टर्पेंटाइनच्या डब्यात ब्रश खळबळत होती. तोंडाभोवती आईची ओढणी गुंडाळलेली.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर तेरखेड्यात फटाक्यांच्या शेडमध्ये भडका उडाला होता. राजेश्वरी तिथंच कामाला होती. ती वाचली. तिचा घरी विसरलेला डबा घेऊन आरोही नेमकी दारात आली होती.

भाजलेल्या चेहऱ्यावरच्या पट्ट्या निघाल्या, पोर घरी आली. पण राजेश्वरीनं तिला अजून समोरून पाहिलं नव्हतं. वेणी पाठीमागून घालायची. भरवताना ताटाकडं बघायची. मलम लावायचं ते दिवा घालवून, हलक्या बोटांनी, चाचपत. लेकीचा आधीचा चेहरा रंगवून भिंतीवर लावायचा, एवढ्यासाठी ती इथं यायची. सर म्हणाले होते, आधी जुन्या माणसांची नक्कल कर, हात बसू दे.

मग रोज दुपारी ती उलट्या म्हातारीपुढं बसली. इथं जरा गडद, तिथं जरा पिवळट. हात थरथरायचा थांबला.

एक दिवस सरांनी कॅनव्हास सुलटा केला. म्हातारी थेट बघत होती. गालावरची सुरकुती न् सुरकुती जागेवर.

"जमलं की गं पोरी! आता लेकीचं घे. दाखव तो फोटो."

राजेश्वरीनं मोबाइल उघडला. वाढदिवसाची टोपी, केक माखलेले गाल.

"लई गोड दिसायची माझी बाय," ती पुटपुटली.

कोपऱ्यातली खळबळ थांबली. आरोही उठली. बाकावर उताणी झाली आणि काठावरून डोकं खाली सोडलं. वेणी फरशीला टेकली. तिनं स्वतःच ओढणी सोडली.

"आता बघ की, आई. आता सोपं जाईल."